सव्वासातचा ब्रेक

खोटं वाटलं तर वाटू दे. हे नऊ जणांनी ऐकलंय.

फेब्रुवारीतला रविवार. संध्याकाळचे सव्वासात. अंबरनाथ पूर्वेला सुनेत्राताई हॅम रेडिओवर बसल्या होत्या. कंपनीतून रिटायर झाल्यापासून हौशी रेडिओवाल्यांची रविवारची बैठक त्याच चालवायच्या. एक बोलतो, बाकीचे ऐकतात. कुणी मध्येच 'ब्रेक' म्हटलं, की सगळे गप्प. त्याला आधी बोलू द्यायचं. हा शिष्टाचार कुणी मोडत नसे.

विठ्ठलवाडीचे मुकेश आपल्या नव्या अँटेनाचं कौतुक सांगत होते.

तेवढ्यात...

"ब्रेक."

बाईचा आवाज. दमलेला.

मुकेश थांबले. ताई म्हणाल्या, "बोला."

"हेंद्रेपाड्यातून बोलतेय. घरात पाणी शिरलंय. आई अंथरुणावर आहे. मला एकटीला उचलवत नाहीये..."

पाणी? फेब्रुवारीत?

ताईंनी पत्ता विचारला. पुन्हा विचारला.

"कुणी ऐकतंय का? पाणी पलंगाला लागलं..."

तिला इकडचं काहीच ऐकू जात नव्हतं.

मग नुसता पाण्याचा आवाज...

आणि शेवटी, अगदी हळू, "कुणी नाहीये वाटतं. फ्रिक्वेन्सी मोकळी करते. धन्यवाद."

बुडताना धन्यवाद!

मग यशोधरा बोलली. हेंद्रेपाड्यात तळमजल्यावर आजारी आईसोबत राहणारी, नवीनच लायसन्स मिळालेली.

"ताई, इथे सगळं कोरडं आहे. आई झोपलीये. पण तो... तो माझा आवाज होता."

ताईंनी हट्टाने तिला घर बदलायला लावलं. महिन्याभरात मायलेकी ताईंच्याच बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर आल्या.

जुलैत उल्हास नदी चढली. हेंद्रेपाड्यातलं ते घर छातीभर पाण्यात गेलं. रिकामंच होतं.

त्या संध्याकाळी ताई सेट घेऊन यशोधराकडेच बसल्या होत्या. मदतीचे निरोप चालले होते.

"सुटलात गं," ताई म्हणाल्या.

सव्वासात वाजले...

"ब्रेक."

सगळे गप्प झाले.

"हेंद्रेपाड्यातून बोलतेय..."

यशोधरा शेजारीच होती. ओठ घट्ट मिटलेले.

तिने माइक ओढला. "मी ऐकतेय! आईला सोड! तू वर जा, गच्चीवर जा!"

"कुणी ऐकतंय का?"

शब्दन्‌शब्द तोच. यशोधरा घसा बसेपर्यंत ओरडत राहिली.

"...धन्यवाद."

मुकेशनी बोटवाल्यांना पाठवलं. त्यांनी कुलूप तोडून पाहिलं. आत कुणी नव्हतं.

यशोधरा भिंतीला टेकून रडत होती. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला.

"बरोबर सांगितलंस पोरी. पण ती काही मला सोडून जायची नाही."

यशोधरा त्यानंतर रेडिओवर आली नाही.

आता पुन्हा पावसाळा तोंडावर आलाय. सेट लावायची ताईंना भीती वाटते. पण बंद ठेवायचा तर... तिचं ऐकणारंही कुणी उरणार नाही.