कड्यावरचं कीर्तन

ही गोष्ट माझ्या स्वतःच्या बाबतीत घडली आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमच्यावर. मी देवाधर्माची बाई आहे, खोटं सांगून मला काही मिळवायचं नाही.

आणि एक आधीच सांगते. ही रात्रीची गोष्ट नाही. जुलै २००६, नेवाडा, आणि लख्ख ऊन पडलेली शनिवारची दुपार.

आम्ही तेव्हा ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहायचो. माझे मिस्टर मोरेश्वर तेलकंपनीत इंजिनिअर. दोन गल्ल्या सोडून माझे दीर केदार आणि जाऊ रेणू. केदार माझ्यापेक्षा बराच लहान, त्यामुळे मी त्याला अरेतुरे करते आणि तो मला अहो वहिनी म्हणतो.

या केदारला तिरंदाजीचं वेड लागलं होतं. ऑफिसमधल्या डेल नावाच्या वयस्कर माणसानं त्याला धनुष्य धरायला शिकवलं. आधी मागच्या अंगणात फोमच्या ठोकळ्यावर बाण मारणं चाललं. मग टेक्सासमध्ये एक-दोनदा डेलच्या शेतावर जाणं झालं. आणि त्या वर्षी दोघांनी ठरवलं की नेवाड्यात जायचं. तिथे डोंगरच्या डोंगर सरकारी मोकळी जमीन आहे, कोणाला विचारायला नको. आणि तिथे खेचरासारख्या मोठ्या कानांचं हरिण असतं, म्यूल डिअर म्हणतात त्याला. बाहेरच्या राज्यातल्यांसाठी शिकारीच्या परवान्याची सोडत असते. जूनमध्ये केदारचा नंबर लागला. डेलचा नाही लागला.

त्या दिवसापासून आमच्या डायनिंग टेबलवर नकाशे पसरले ते उचललेच गेले नाहीत. आमच्याकडे टेबल मोठं, म्हणून इथे. पाणी कुठे, सावली कुठे, वारा सकाळी उतरणीला वाहतो आणि ऊन चढलं की वर चढतो, सगळं मला पाठ झालं. वाऱ्याची दिशा बघायला तो बेबी पावडर उडवायचा. रेणूला सहावा महिना होता. ती म्हणायची, बाळ यायच्या आधीच बापानं पावडर संपवली.

मी त्याला बोलायचे. मुक्या जिवाला मारून काय मिळणार, म्हणायचे. तो हसायचा. म्हणायचा, "दुकानातलं मटण झाडाला लागतं का वहिनी?"

मी मटण खात नाही. पण मोरेश्वर खातात, म्हणून गप्प बसायचे.

शिकारीचा सीझन ऑगस्टमध्ये. त्याआधी एकदा जाऊन जागा बघून यायचं ठरलं होतं. डेलची पाठ धरली. मोरेश्वर समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर ड्यूटीला. केदार म्हणाला, एकटा जातो. रेणू रडायला लागली.

शेवटी मीच म्हणाले, मी जाते बरोबर.

निघताना रेणूनं माझा हात धरला. "ताई, ह्यांना परत आणा हं." एवढंच बोलली.

मी म्हणाले, आणते.

---

लास व्हेगासला उतरून भाड्याची गाडी घेतली आणि दिवसभर उत्तरेला गेलो. शेवटी डांबरी रस्ता संपला. मग धुळीचा रस्ता. मग तोही संपला.

एका कोरड्या ओढ्याच्या काठी आम्ही तंबू लावला. आजूबाजूला करडी झुडपं. समोर डोंगराची लांब सोंड. नकाशावर केदारनं मला दाखवलं होतं, त्या सोंडेच्या पलीकडे तपकिरी रेषा एकमेकींना चिकटलेल्या आहेत. म्हणजे तिथे उतार नाही. तुटलेला कडा आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच केदार दुर्बीण आणि पाणी घेऊन सोंडेवर गेला. मी गाडीपाशी. दोघांकडे एकेक वॉकी-टॉकी. मला सक्त ताकीद होती की आवाज करायचा नाही. त्या हरणांचे कान बघितलेत ना वहिनी, म्हणाला.

आता माझं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मला कीर्तनाचं वेड आहे. सांगलीजवळच्या आमच्या गावात नवरात्रात देवळात कीर्तन असायचं, तेव्हापासून. बुवा उभे राहिले, झांज वाजली, की मला जगाचा विसर पडतो. अमेरिकेत आल्यावरही कोणाच्या लिव्हिंग रूममध्ये कीर्तन असलं की मी सगळ्यात पुढे. बुवा मध्येच म्हणतात, "सीताकांतस्मरण..." आणि थांबतात. मग सगळ्यांनी म्हणायचं, "जय जय राम!" हे शिकवावं लागत नाही. झोपेत असले तरी माझ्या तोंडून ते निघेल.

तर त्या दिवशी मी कीर्तनाची टेप लावली नव्हती. हातात माळ होती. दुपार झाली होती, ऊन तापलं होतं. सकाळी चिमण्यांसारखे बारके पक्षी चिवचिवत होते.

एकदम लक्षात आलं... ते गप्प झालेत.

माशासुद्धा नव्हत्या. वारा पडलेला. झुडपाचं एक पान हलत नव्हतं.

आणि मग... झांज.

अगदी बारीक. सोंडेच्या दिशेनं. मला वाटलं, उन्हानं कान वाजतायत. पाणी प्यायले.

झांज थांबली. आणि पुरुषाचा आवाज आला. स्वच्छ, तापलेला, कीर्तनकाराचा आवाज.

"सीताकांतस्मरण..."

आणि तो थांबला.

"जय जय राम!" मी म्हणाले.

म्हणाले काय, निघालंच तोंडातून. चांगलं मोठ्यानं. विचार करायला वेळच मिळाला नाही.

वॉकी-टॉकी खरखरला. केदार चिडून कुजबुजत होता. वहिनी, नामस्मरण मनातल्या मनात करा ना, समोरचा नर उठून गेला!

मी विचारलं, तो बुवांचा आवाज कुठून आला?

कोण बुवा, तो म्हणाला. त्याला फक्त माझाच आवाज आला होता. खालून.

 

---

मी गाडीत जाऊन बसले. काचा वर केल्या. आपलं मन खेळ करतंय, असं स्वतःला सांगितलं. परमुलखात आलं की माणसाला घरचे आवाज ऐकू येतात.

काचा बंद होत्या.

तरी आवाज आला. आधीइतकाच स्वच्छ.

"सीताकांतस्मरण..."

मी पदर... पदर कसला, टी-शर्टच होता अंगात. हात तोंडावर दाबून धरला. ओठ दातांखाली धरले.

शांतता. ती शांतता ताणली गेली. कीर्तनात श्रोते गप्प राहिले की बुवा कसे वाट बघत उभे राहतात, तशी.

आणि मग वरून, सोंडेच्या पलीकडून, उत्तर आलं.

"जय जय राम!"

तो माझा आवाज होता.

माझाच. मी गाताना शेवटचा स्वर जरा ओढते, तसाच ओढलेला.

वॉकी-टॉकीवर केदार. आता तो चिडलेला नव्हता. घाबरलेला होता. वहिनी, तुम्ही वर कशाला आलात? तिकडे कडा आहे, सांगितलं होतं ना. हलू नका. मी येतो तुमच्याकडे.

मी ओरडले, अरे मी गाडीत आहे!

खरखर. नुसती खरखर. बटण दाबून दाबून माझं बोट दुखायला लागलं. पलीकडून काही नाही.

मी बाहेर आले. सोंडेवर केदारची टोपी दिसत होती. ठिपक्याएवढी. ती वर सरकत होती... कड्याच्या दिशेनं.

हॉर्न वाजवला. खूप वाजवला. टोपी थांबली नाही.

रेणूचा हात आठवला मला.

तेवढ्यात तिसऱ्यांदा तोच आवाज. "सीताकांतस्मरण..."

काय सुचलं कोण जाणे. उत्तर दिलं नाही तर तिकडून कोणीतरी देतंय. आणि केदार त्याच्यामागे जातोय. म्हणजे मी म्हटलं पाहिजे. आधी मी म्हटलं पाहिजे.

मी गाडीच्या बॉनेटवर चढले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले.

"जय जय राम!"

कान लावून उभी राहिले.

वरून काही आलं नाही.

टोपी थांबली.

वॉकी-टॉकी खरखरला. वहिनी... तुम्ही खाली आहात?

"खालीच आहे. माझ्या आवाजाच्या दिशेनं ये. दुसरं काही ऐकू नकोस, काही बघू नकोस."

मग पुन्हा तो आवाज आला. मी उत्तर दिलं. पुन्हा आला. पुन्हा दिलं. देवाचं नाव घेताना मला आयुष्यात कधी भीती वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली. नाव तेच होतं... पण ते मी कोणाच्या समोर घेत होते?

केदार खाली पोचेपर्यंत माझा घसा खरवडून निघाला होता.

त्याच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. दुर्बीण वरच राहिली होती. तो पाणी प्यायला, आणि बाटली हातातच धरून बसला.

मग म्हणाला, "वहिनी, तुम्ही तिथे बसला होतात. पाठमोऱ्या."

मी म्हणाले, मी नव्हते रे.

"एकट्या नव्हतात. बरेच जण होते. मांडी घालून, ओळीनं. सगळे दरीकडे तोंड करून."

 पुढचं त्यानं हळूच सांगितलं, कोणी ऐकेल या भीतीनं.

"मी जवळ गेलो, तर त्यांनी सरकून जागा केली."

---

तंबू तसाच टाकून आम्ही निघालो. गाडी धुळीच्या रस्त्याला लागली तरी आवाज येतच होता. ना जवळ, ना लांब. मी उत्तर देत होते, घसा बसलेला, नुसती हवा निघत होती. केदार स्टिअरिंग धरून समोर बघत होता.

डांबरी रस्ता लागला. लांबवर एक ट्रक दिसला, त्याचे दिवे, माणसांचं जग. तेव्हा मी म्हणायची थांबले. म्हटलं, झालं आता. सुटलो.

आवाज त्यानंतर आला की नाही, मला खरंच सांगता येणार नाही. मी दोन्ही कानांत बोटं घातली होती.

केदारनं परवाना परत केला. धनुष्य गॅरेजमध्ये टांगलं. डेलनं खूप विचारलं, तर पाय मुरगळला म्हणून सांगितलं. मोरेश्वरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, ऊन लागलं असेल दोघांना. रेणूला कोणीच काही सांगितलं नाही. ऑक्टोबरात तिला मुलगी झाली, गोड, केदारसारख्या भुवयांची. मी मनोमन देवाचे आभार मानले.

मुलगी रांगायला लागली तेव्हा रेणूचा फोन आला. खुशीत होती.

"ताई, तुमचं वेड ह्यांना लागलं बघा. शनिवारी दुपारी मागे जाऊन बसतात आणि नाम घेतात. आमच्या घरात कधी देवाला उदबत्ती न लावणारा माणूस!"

मी त्याच शनिवारी गेले.

स्वयंपाकघराच्या काचेच्या दारातून दिसत होता. मागच्या अंगणात पॅटिओवर मांडी घालून बसलेला. कुंपणाकडे तोंड.

"जय जय राम."

मग गप्प. मी श्वास रोखून ऐकत राहिले. शेजाऱ्याचं लॉन मोअर चालू होतं. दुसरं काही नाही. एक शब्द नाही.

"जय जय राम."

नामस्मरण असं नसतं हो. जप करणारा माणूस एका लयीत म्हणतो. हा थांबत होता. ऐकत होता. आणि मग म्हणत होता.

मी दार सरकवलं. त्यानं मागे वळून पाहिलं. चेहरा अगदी शांत. रागावलेला नाही, घाबरलेला नाही. थकलेला.

"तुम्ही थांबलात ना वहिनी," तो म्हणाला. "म्हणून मला म्हणावं लागतं."

आणि तो माझ्याकडे बघत राहिला. वाट बघत.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. देवाशपथ, काही नाही.

पण मी त्याच्याशेजारी जाऊन बसले, आणि म्हणाले.

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी मी तिथे असते. आधी केदार खूण करतो, मी म्हणते. नंतर तो आत जाऊन मुलीशी खेळतो, पोटभर जेवतो, कधी झोपतोही. मग खूण करायलाही कोणी नसतं... तरी माझं मी म्हणत राहते. अलीकडे मला कळतं, कधी म्हणायचं ते. कसं कळतं, ते विचारू नका. रेणू म्हणते, ताईंचा किती जीव आहे आमच्यावर.

आहेच.

हे आता लिहितेय, कारण मोरेश्वरांना ओहायोत, डब्लिनला नवी नोकरी लागली आहे. घर विकायला काढलंय. पुढच्या महिन्यात निघायचं आहे.

केदारला अजून सांगितलेलं नाही.