सतरा नंबरची बेल

बाळकुमच्या त्या हॉस्पिटलात मी गेलो ते साध्या कामाला. जुना नेटवर्क स्विच दुसऱ्या दिवशी बंद करायचा होता. त्याआधी त्यातली प्रत्येक केबल कुठे जाते ते शोधून सॉफ्टवेअरमध्ये भरायचं. चुकून चालू केबल राहून गेली, तर वर वॉर्डात कुणा पेशंटची नर्सला बोलवायची बेल मुकी होणार, म्हणून एवढा उपद्व्याप.

सिस्टर श्रिया वर एकेका बेडची बेल दाबायची आणि मी तळघरात स्विचचा दिवा लुकलुकताना बघायचो. दाबायची तीही तिच्या तऱ्हेने, दोनदा, मग जरा थांबून एकदा. वाजती बेल बंद करायला सिस्टरला बेडजवळचंच बटण दाबावं लागतं, दुसरा उपाय नाही. त्यामुळे पोरीचे पाय दुखले, पण तोंड बंद नव्हतं. माझ्यासारखी तीही ठाकुर्लीची निघाली, मग काय, मी लगेच राकेशदादा झालो.

एक पिवळी केबल मात्र डोकं खात राहिली. दिवा लुकलुकत होता, पण सोळाही बेड झाले तरी ती कुणाचीच नव्हती. भिंतीतल्या भोकात शिरलेली, आणि भोकातून मिठागराच्या चिखलाचा वास. इथे पूर्वी मिठागरंच होती म्हणा. मी भिंत ठोकून पाहिली, छत उचकटलं, शिव्या घातल्या. सॉफ्टवेअरचा हट्ट असा, की दोन्ही टोकं दिल्याशिवाय केबल सेव्हच होत नाही. त्यात आयटीच्या आसावरी मॅडमचे फोनवर फोन, झालं का, झालं का. नुसता वैताग.

शेवटी आमच्या धंद्यात सगळेच करतात ते केलं. वॉर्डात नसलेला सतरावा बेड सॉफ्टवेअरमध्ये बनवला आणि केबलचं दुसरं टोक त्याला लावून टाकलं. मुकाट्याने सेव्ह झालं.

चहाला निघणार तोच श्रियाचा फोन.

"दादा, सतराची बेल वाजतेय."

"अगं, सतरा नाहीचे. मी आपला खोटा टाकलाय."

"इथे बेलच्या बोर्डावर दिसतोय ना पण... बघून येते."

"कुठे बघणार? थांब, केबल काढतो."

"बेल वाजली की जावं लागतं रे दादा..."

फोन टेबलावर ठेवून ती गेली. मला पलीकडची बेल ऐकू येत होती.

मी केबल उपटली. बेल चालूच. हातातलं टोक ताठ झालं आणि भिंतीपलीकडून कुणीतरी ते ओढू लागलं... सावकाश, विहिरीतून पोहरा ओढावा तसं. मी घाबरून सोडलं. टोक भोकात गेलं. तळहातावर मिठाचा पांढरा थर राहिला.

मग बेल थांबली.

आधी हायसं वाटलं. मग लक्षात आलं, बेल थांबली म्हणजे श्रिया बेडपाशी पोचली होती.

ती परत आली नाही. वॉर्डाला एकच दार, दारात वॉचमन. त्याने तिला बाहेर जाताना पाहिलं नाही. पोलीस येऊन गेले. मॅडम म्हणतात, तो सतरावा बेड सॉफ्टवेअरमधून उडव. मी उडवत नाही, स्विचही बंद करू देत नाही. तिच्यापर्यंत जाणारं दुसरं काही माझ्याकडे नाही. पिवळी केबल उपटली, त्या रिकाम्या जागेवरचा स्विचचा दिवा अजून लुकलुकतो.

परवा मी वॉर्डात असताना सतराची बेल वाजली. दोनदा, मग जरा थांबून एकदा. नवी सिस्टर उठली. मी दारात आडवा उभा राहिलो, तिला हलू दिलं नाही.

कुणीच गेलं नव्हतं. तरी बेल थांबली.