नंबर जेवल्यावर

ती त्या अमेरिकन बर्गरच्या दुकानात शिरली ती निव्वळ हात धुवायला. दातांच्या दवाखान्यात रुग्णांच्या खुर्च्या बसवायचं तिचं काम, आणि त्यासाठीच कंपनीने तिला या परक्या देशात धाडलं होतं. नळ्या जोडायच्या म्हणून दवाखान्याचं पाणी तिनेच बंद केलेलं, त्यामुळे कोपरापर्यंत माखलेलं ग्रीस काढायला शेजारचं दुकान गाठणं भाग होतं. हात पुसते न पुसते तोच आईचा फोन.

जेवलीस का, हा आईचा नेहमीचा प्रश्न. तिने सांगितलं, मागच्या गल्लीत एक मावशी भल्यामोठ्या पातेल्यात रस्सा उकळते, काय काय घालते कुणास ठाऊक, पण दोन घोटांत कान गरम होतात. मग, इथे कोणाला मराठी कळतंय, या भरवशावर ती बिनधास्त म्हणाली, "आणि आई, समोर एक बावळट बसलाय. एवढ्या लांब येऊन बर्गर खातोय. धरलाय तर असा, जसं काही कोणी पळवूनच नेणार आहे."

बावळटाने वर न बघता घास गिळला.

"पळवणार नसाल तर बसा," तो स्वच्छ मराठीत म्हणाला.

दुसरी कोणी असती तर लाजेने अर्धी झाली असती. हिने सरळ खुर्ची ओढली. बोलायला नको होतं हे खरं, पण मत काही बदललं नव्हतं, आणि तसं तिने त्याला सांगूनही टाकलं.

तो टूर मॅनेजर निघाला. उतारवयातल्या काका-काकूंचा ग्रुप घेऊन देशोदेशी फिरायचा. ग्रुपसोबत आपला आचारी, त्यामुळे मंडळी हॉटेलात वरणभात जेवून दुपारी आडवी व्हायची आणि हा इथे यायचा. देश कुठलाही असो, खाणं हेच. त्याच वेळी तिने त्याचं बारसं केलं, बर्गरराव. तोही काही कमी नव्हता. दुसऱ्या दिवशी ती दारात दिसताच त्याने "या, खुर्चीवाल्या बाई," म्हणत समोरची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

मग रोजचंच झालं. ती मावशीकडे जेवायची आणि कॉफीच्या निमित्ताने त्याच्यासमोर येऊन बसायची. आज रश्श्यात आंबट पाला होता, आज वरून कुरकुरीत काहीतरी भुरभुरलं होतं... सगळं हात हलवत, रंगवून रंगवून सांगायची. तो ऐकता ऐकता चावायचा थांबायचा. तिच्या हनुवटीला कॉफी लागली की तिच्याकडे न बघता एका बोटाने कागदी रुमाल पुढे ढकलायचा. तो न बघता कसा काय बघतो, याचा ती संध्याकाळी खुर्च्यांचे स्क्रू आवळताना विचार करायची, आणि एकच स्क्रू दोनदा आवळायची.

एकदा कपाचं झाकण उघडत-लावत तो म्हणाला, "तुमचा नंबर... म्हणजे, काही अडलं तर—"

"काय अडणार आहे?"

"माझंच अडेल."

तिला आतून गुदगुल्या झाल्या, पण सोडेल ती कसली. "मावशीकडे एक वाडगा संपवून दाखवा," ती म्हणाली. "नंबर जेवल्यावर."

तो हसला खरा, पण हसू टिकलं नाही. मग त्याने पहिल्या सहलीची गोष्ट सांगितली. हौसेने रस्त्यावर खाल्लं आणि पोट असं बिघडलं की उठता येईना. ग्रुपमधल्या एक आजी आयुष्यभर ज्या डोंगराचं नाव घेत आल्या होत्या, तो त्या दिवशी बघायचा होता. त्या गेल्याच नाहीत. दिवसभर याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसल्या, आणि वर म्हणाल्या, डोंगर काय पळून जातोय. पण त्यांना पुन्हा काही येता आलं नाही. तेव्हापासून कामावर असताना बाहेरचं बंद.

"त्या गल्लीचा वास मलाही येतो," तो म्हणाला. "रोज येतो."

 

तिच्या परतीच्या दिवशी, विमानतळावर निघायच्या आधी, ती बॅग ओढत बर्गरच्या दुकानात आली. म्हटलं, गेली ती अट खड्ड्यात. त्याच्यासारखाच एक बर्गर घ्यायचा, त्याच्यासमोर बसून खायचा आणि नंबर देऊन मोकळं व्हायचं. पण त्याची खुर्ची रिकामी. तिने बर्गर घेतला, वाट पाहत खाल्ला, बटाटे पार गार झाले, तरी तो आला नाही. नंबर तिनेच अडवून ठेवला होता, त्याचा मागायचंही सुचलं नव्हतं. आता एवढ्या मोठ्या जगात बर्गरराव म्हणून शोधायचं का त्याला? तिला स्वतःचाच राग आला आणि रडूही आलं. तिने डोळे पुसले, बॅग उचलली आणि निदान मावशीचा तरी निरोप घ्यावा म्हणून गल्लीत वळली.

बुटक्या स्टुलावर तो बसला होता. नाकाडोळ्यांतून पाणी, कान लालबुंद, पुढ्यात एक रिकामा वाडगा आणि एक अर्धा. मावशी कौतुकाने त्याच्या पाठीवर थोपटत होती.

"होता कुठे तुम्ही?" तो हाशहुश करत म्हणाला. "मला वाटलं, गेलात."

"तुमच्या दुकानात. बर्गर खात होते."

"तुम्ही... बर्गर?"

"हो. आणि तुमचा ग्रुप? तुम्ही आजारी पडलात तर?"

"सकाळीच विमानात बसवलं सगळ्यांना. दुसरा ग्रुप यायला अवकाश आहे. आज मला आजारी पडायची मुभा आहे." त्याने नाक पुसलं. "पण नंबर मिळाल्याशिवाय पडणार नाही."

तेवढ्यात आईचा फोन आला. जेवलीस का? ती त्याच्या शेजारच्या स्टुलावर टेकली. त्या अख्ख्या गल्लीत तिचं बोलणं कळणारा एकच माणूस होता, आणि तिने आवाज जराही खाली आणला नाही.

"आई, तो बर्गरवाला बावळट आठवतो ना? तोच. शेजारी बसलाय, रडतोय आणि खातोय. आई, मला तो आवडतो. खूप आवडतो."

शेजारी चमचा वाडग्याला लागून वाजला. मग त्याने, या खेपेला सरळ तिच्याकडे बघत, कागदी रुमाल तिच्या हातात दिला.

"आईंना सांग," तो म्हणाला, "तोही जेवला."