शिडावरचा पिक्चर

ही गोष्ट घडलेली आहे. ज्याला पटणार नाही त्याने खुशाल हसावं. पण त्या संध्याकाळी तिथे बसलेल्या बायकांपैकी दोघीतिघी अजून आहेत, आणि त्या हसत नाहीत.

साल १९७१. चैत्रातला शनिवार. जागा, भाईंदरच्या मोरवा गावाबाहेरचं मैदान. पलीकडे मिठागरं आणि लगेच खाडी.

मैदानात दरवर्षीप्रमाणे कनाती बांधून फिरता सिनेमा लागला होता. पिक्चर थडग्यातून उठणाऱ्या राक्षसाचा. जुनाट, काळा-पांढरा, सगळ्या रिळांवर ओरखडे. तरी गाव वेडं झालं होतं. चार दिवस तीच माणसं तोच पिक्चर बघत होती. राक्षस कुठल्या दारातून येणार हे शेंबड्या पोरांनाही पाठ झालं होतं. तरी ते दार करकरलं की सगळं मैदान किंचाळायचं आणि मग पोट धरून हसायचं. भीतीचीही चटक लागते, दुसरं काय.

ही चटक सगळ्यात जास्त होती धाकूला.

आणि नेमका तोच नव्हता.

धाकू म्हणजे सत्यवतीचा नवरा. आश्विनात एकटाच मासे मारायला गेला. दोन दिवसांनी होडी सापडली. शीड जागेवर, जाळं जागेवर.

धाकू नाही.

याला सहा महिने झाले. सत्यवती रोज सकाळी कपाळभर कुंकू लावत होती. अंग सापडलं नाही, मग माणूस गेला असं कसं म्हणायचं? कुठल्यातरी बंदरात असेल, येईल. तिची सासू गोदूबाई हिचंही तेच म्हणणं. तिने ते शीड गोड्या पाण्यात धुतलं, वाळवलं आणि घडी करून माळ्यावर ठेवलं. त्यांच्या घरात तशी रीत होती. समुद्रावर गेलेला माणूस परतला नाही, तर तो येईपर्यंत त्याच्या शिडाला खारं पाणी लागू द्यायचं नाही.

का, ते गोदूबाईने कधी सांगितलं नाही.

त्या शनिवारी दुपारी वाऱ्याने सिनेमाचा पडदा उभा फाटला. थोड्या वेळाने धाकूचा धाकटा भाऊ तुळशीराम घरी आला.

"वहिनी, दादाचं शीड दे. पडद्याला, येका खेलापुरतं. आज शेवटचा खेल हाय."

गोदूबाई लेकीकडे उत्तनला गेली होती.

"आई काय म्हनंल?" सत्यवती म्हणाली.

"आईला सांगतंय कोन? आन् दादा असता तर सोताच घेऊन गेला असता."

ते मात्र खरं होतं. सत्यवतीने शीड काढून दिलं.

"खारं पानी लागू देऊ नको."

"मैदानात कुठलं आलंय खारं पानी?" तुळशीराम हसत गेला.

आता या सिनेमाची एक पद्धत होती. पुरुष पडद्यासमोर बसायचे, बायका पडद्यामागे. मागून चित्र उलटं दिसतं, पण दिसतं. ते स्वच्छ दिसावं म्हणून ऑपरेटर राघो खेळाआधी पडदा भिजवून घ्यायचा. ओल्या कापडातून उजेड पलीकडे चांगला येतो. रोज गावविहिरीचं पाणी यायचं. त्या दिवशी विहिरीने तळ गाठला होता. दारावर तिकिटं फाडणारा लवू दोन बादल्या घेऊन निघाला...

आणि पाच मिनिटांत भरून परत आला.

खाडी जवळ होती.

सत्यवतीला यातलं काही माहीत नव्हतं. ती नेहमीच्या जागी, बायकांच्या शेवटच्या ओळीत बसली. ती जागा धाकूने ठरवलेली. गेल्या वर्षापर्यंत, पिक्चर कुठलाही असो, राक्षस यायची वेळ झाली की तो पुरुषांतून उठायचा, कनातीला वळसा घालून तिच्या मागे यायचा आणि तिचे डोळे हाताने झाकायचा. बायका चिडवायच्या, "सत्ये, तुजा राक्षस आला बग." तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता तेवढ्यासाठी ती काहीही द्यायला तयार होती.

खेळ सुरू झाला. धाकूने स्वतः शिवलेलं ठिगळ नेमकं नायिकेच्या गालावर आलं. लोक हसले. सत्यवतीही हसली, कितीतरी दिवसांनी.

थडगं दिसलं...

वारा पडला. कनाती हलेनाशा झाल्या.

पण शीड फुगलं.

हळूहळू, मधोमध, होडीवर फुगतं तसं. दोर ताणले गेले. वीज देणाऱ्या इंजिनाची भटभट चालू होती, तरी तो आवाज स्वच्छ येत होता... करर... करर...

"दार वाजलं," शेजारची आनंदी कुजबुजली.

पिक्चरमधलं दार अजून आलंच नव्हतं.

मग वास आला. खाडीच्या गाळाचा, कुजलेल्या दोराचा. पडद्यावर दार उघडलं. राक्षस आत आला. चार दिवस किंचाळणारं मैदान गप्प होतं...

आणि मागून ओली पावलं वाजत आली, एक हात सत्यवतीच्या डोळ्यांवर आला.

ओला. गार. बोटांना दोराचे घट्टे. अंगठ्याखाली गळ घुसल्याची जुनी खूण. तो हात तिने हजारांत ओळखला असता.

ती ओरडली नाही. तिला भीती वाटली नाही, आनंदच झाला.

"आलात?" एवढंच ती म्हणाली.



हात डोळ्यांवरून वर सरकला. कपाळावर आला. एकदाच, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला.

मग तिथे काही नव्हतं.

रीळ संपलं. सिनेमाला मशीन एकच, त्यामुळे रीळ बदलताना राघोने दिवा लावला. आनंदीने सत्यवतीकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

सत्यवतीचं कपाळ कोरं होतं. कुंकवाच्या जागी मिठाचा पांढरा पट्टा सुकत होता.

दुसऱ्या दिवशी गोदूबाई परतली. सुनेचं कपाळ पाहून उंबऱ्यातच बसली.

"खारं पानी लागलं?"

सत्यवतीने मान डोलावली. तुळशीराम सकाळीच लवूकडून ऐकून आला होता. गोदूबाई कुणाला बोलली नाही, ओरडली नाही. तिने लेकाच्या नावाने आंघोळ केली. सहा महिन्यांत पहिल्यांदा दोघी गळ्यात पडून रडल्या.

इथे संपायला हवं होतं.

पण ते शीड सात वेळा गोड्या पाण्यात धुतलं, वैशाखाच्या उन्हात टाकलं, तरी त्याची एक कड ओलीच राहिली. आणि सत्यवतीने भुताचे पिक्चर सोडले नाहीत. पुढे सात-आठ वर्षं, भाईंदरला असा कुठलाही पिक्चर लागला की ती जायची. एकटी. शेवटच्या ओळीत.

आनंदीने एकदा न राहवून विचारलं, "त्यानं सांगायचं ते सांगितलं ना? मंग आता कशाला जातंस?"

सत्यवतीचा हात कपाळावर गेला.

"त्यानं कुंकू पुसलं. पन परत जाताना पावलं वाजली न्हाईत, आनंदी."

राक्षस यायची वेळ झाली की तिच्या मानेवर अजूनही गार लागायचं. दिवा लागला तरी.

तिने कधीच मागे वळून पाहिलं नाही...