आजींना भरवतं कोण?

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण हे माझ्या थोरल्या वहिनीच्या बाबतीत खरंच घडलंय. वहिनी तिखटमीठ लावणाऱ्यातली नाही. उलट, सांगताना तिनं निम्मं गाळलंच असेल.

रात्र नव्हती. मंगळवार होता, दुपारचा सव्वा वाजला होता. तळमजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये लख्ख ऊन पडलं होतं.

म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्या घरातच राहता यावं म्हणून सगळी सोय लावून देणं, हे वहिनीचं काम. बाथरूममध्ये आधाराचे दांडे, बेताच्या उंचीचा पलंग, उशाशी बेल, आणि सांभाळायला एक बाई. या फ्लॅटमध्ये एक आजी राहत होत्या. वय ब्याऐंशी. डावी बाजू लुळी, तोंडात एकही दात नाही. मुलगा दूरच्या शहरात.

"आई घर सोडणार नाही, आणि मी तिकडे येणार नाही," एवढंच तो फोनवर म्हणाला होता.

पहिल्या दोन बायका आठवड्याभरातच काम सोडून गेल्या. कारण एकीनंही सांगितलं नाही.

तिसरी मात्र मुरलेली. सगळे तिला मावशी म्हणायचे. "लोकांचं गू-मूत काढण्यात हयात गेली माझी. मला नाही कशाची किळस येत," असं ती छातीठोकपणे सांगायची.

आणि तिचाच फोन आला.

"मॅडम, आजी माझ्या हातचा एक घास घेत नाहीत. पोट भरलंय म्हणतात."

"शेजारचं कोणी देत असेल हो."

"दाराला आतून कडी असते! आणि वजन वाढलंय त्यांचं."

मग मावशीनं आवाज खाली आणला.

"त्यांच्या तोंडाला वास येतो, मॅडम... दुसऱ्या कुणाच्या तरी थुंकीचा."

वहिनीला हसूच आलं. तरी ती दुसऱ्या दिवशी गेली.

मावशीनं ओट्यावर ताटली वाढून ठेवली होती. उकडलेला बटाटा, गाजर, मऊ ब्रेड. "मी औषधं घेऊन येते, तोवर तुम्ही बसा," म्हणून ती बाहेर पडली. आजी पलंगावर डोळे मिटून पडल्या होत्या. बाथरूममधला एक दांडा हलतोय अशी तक्रार होती, म्हणून वहिनी तो बघायला गेली.

तेवढ्यात...

चप... चप... चप...

कुणीतरी जेवत होतं. तोंड उघडं टाकून, मचामचा.

'आजी जेवायला लागल्या वाटतं,' वहिनीला बरं वाटलं.

मग तिचं लक्ष बेसिनवरच्या पेल्याकडे गेलं. पाण्यात आजींची कवळी बुडवून ठेवलेली होती.

आणि आवाज तर स्वयंपाकघरातून येत होता.

चप... चप... चप...

आवाज हलला. बाथरूमच्या दारापुढून गेला. पावलं नाहीत. नुसतं चावणं.

आजींच्या खोलीत जाऊन... थांबला.

वहिनी कशीबशी बाहेर आली.

आजींनी मान वर करून तोंड वासलं होतं, पाखराच्या पिलासारखं. जिभेवर गाजर-बटाट्याचा एक ओला गोळा होता. चावून लगदा केलेला. त्यातून लाळेची एक जाड तार वर गेली होती... वर, हवेत. त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला कुणीच नव्हतं.

तार तुटली. आजींच्या हनुवटीवर पडली. आजींनी ती जिभेनं चाटून घेतली आणि गोळा मिटक्या मारत गिळला.

"आजी... कोणी भरवलं?"

"आईनं," आजी लाजून हसल्या. "मला चावता येत नाही ना गं."

वहिनी स्वयंपाकघराकडे पळाली. ताटली अर्धी संपली होती. उरलेल्या गाजरावर दातांचे ठसे होते. काठाला फेसाळ थुंकी लागली होती. चुकून तिचं बोट लागलं.

थुंकी गरम होती.

वहिनी तिथेच सिंकमध्ये भडाभडा ओकली.

मावशी औषधं घेऊन आली. वहिनीचा चेहरा पाहिला. पिशवी खाली ठेवून आपली पर्स उचलली आणि चालती झाली.

वहिनीनं तिथूनच मुलाला फोन लावला. "आजींना इथे ठेवू नका. मी दुसरीकडे चांगली सोय करते." काय पाहिलं तेही सांगितलं.

तो ओरडला नाही की हसला नाही.

"वजन वाढलंय ना तिचं?" त्यानं विचारलं. "मग राहू दे. माझी आजी, म्हणजे तिची आई, मलाही तसंच भरवायची. मी तोंड मिटलं की नाक दाबायची. मुकाट्यानं गिळलं की सोडते ती."

"तुमची आजी वारली कधी?"

"माझ्या जन्माआधी."

फोन बंद झाला.

वहिनीनं तिथे आणखी एक मुलगी पाठवली. गरजू होती, काडीसारखी बारीक. वहिनीनं तिला यातलं काहीच सांगितलं नाही. हे मला सांगताना वहिनीनं मान खाली घातली होती.

दोन महिन्यांनी ती बघायला गेली. दार त्या मुलीनंच उघडलं. गाल वर आले होते, अंग भरलं होतं. चेहरा तुकतुकीत.

"डबा आणत नाहीस का गं?"

"लागतच नाही हो मॅडम. इथेच होतं माझं."

ती हसली. ओठांच्या कोपऱ्यात ओला, पिवळट लगदा होता. वासाचा भपकारा वहिनीच्या तोंडावर आला.

वहिनी उंबऱ्यावरूनच मागे फिरली.

पोलिसांना काय सांगायचं? डॉक्टर तपासून गेले. म्हणाले, तब्येत उत्तम. दर महिन्याला त्या घराचा कागद वहिनीच्या टेबलावर येतो. 'सेवा समाधानकारक' असं लिहिलेलं असतं, आणि खाली वहिनी सही करते. मग उठून हात धुते. कोपरापर्यंत, साबण लावून, दोनदा.

"बंद कर की ते काम," मी तिला म्हटलं.

"कशाच्या जोरावर?" वहिनी म्हणाली. "आजींना घर सोडायचं नाही. मुलाला यायचं नाही. आणि ती मुलगी... तिची तर एकही तक्रार नाही."