स्टोअररूममधला सेटअप

परीक्षित देवल मूळचा पुण्याचा. फरीदाबादच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. जानेवारीतली दुपार होती. धुक्यात खिडकीबाहेरचं गेटही दिसत नव्हतं. मॅनेजर विक्रांत सरपोतदार त्याला स्टोअररूममध्ये घेऊन आला.

"हा दिलीपचा पीसी. सगळं पुसून टाक, यार. काही म्हणजे काही उरायला नको."

स्टोअरकीपर दिलीपला महिन्यापूर्वी याच खोलीत कुणीतरी लोखंडी पाइपानं ठेचून मारलं होतं. मारेकरी सापडला नव्हता. फरशी फिनाइलनं धुतली होती, तरी त्याखाली रक्ताचा कुबट वास होताच.

परीक्षितनं नेहमीप्रमाणे विंडोजच्या इन्स्टॉलेशन फाइल्स हार्ड डिस्कवर, रिकाम्या केलेल्या डी ड्राइव्हमध्ये कॉपी करून ठेवल्या. पुढे कधी मशीन बसलं, तर पेनड्राइव्ह शोधत फिरायला नको. मग त्याच फाइल्सवरून सेटअप चालू केला. सी ड्राइव्ह पुसला गेला. तासाभरानं स्क्रीनवर वापरणाऱ्याचं नाव विचारणारी चौकट आली.

त्यानं 'स्टोअर' टाइप केलं. अक्षरं आपोआप पुसली गेली. कीबोर्डला कुणाचाही हात नसताना चौकटीत एकेक अक्षर उमटू लागलं...

'विक्रांत, पाइप कुठे टाकलास?'

"सर... हे बघा..."

विक्रांतचा चेहरा पांढराफटक पडला. "बंद कर ते!" त्यानं भिंतीतला प्लग उपटला. स्क्रीन तसाच उजळ राहिला.

"एकदाच मारलं होतं रे..." तो पुटपुटला. "मग तो ओरडायला लागला... म्हणून..."

त्याच्या हातातली केबल ताठ झाली आणि सपकन गळ्याभोवती वळली. त्याचं तोंड टेबलावर आपटलं, पुन्हा आपटलं. दात कीबोर्डवर सांडले, रक्त भिंतीवर उडालं. परीक्षितनं दोन्ही हातांनी केबल धरून ती सोडवायला जिवाच्या आकांतानं ओढली. विक्रांतच्या मानेतून कडकन आवाज आला...

संध्याकाळी पोलिसांनी परीक्षितला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्याचे तळवे पाहिले. केबलचे वळ खोल रुतले होते.

"ये तो गला कसने के निशान हैं," इन्स्पेक्टर म्हणाला. "कमरे में और कोई था ही नहीं।"

"मैं छुड़ा रहा था, साहब..."

बाईंनी त्याचे हात उलटे केले आणि त्या थबकल्या. दोन्ही हातांच्या पाठीवर वरून घट्ट दाबलेल्या बोटांचे निळे ठसे होते.

"ये किसके हाथ हैं?" त्यांनी हळूच विचारलं.

बाई मोजपट्टी लावून ठसे मोजत होत्या, आणि त्यांच्या देखत ते आणखी गडद होत चालले होते.