आलो गं

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. हसायचं तर खुशाल हसा. पण ही गोष्ट ऐकीव नाही. गाडी मी स्वतः चालवत होतो.

गेल्या हिवाळ्यातली संध्याकाळ. बाहेर दाट धुकं.

काकांना जाऊन थोडेच दिवस झाले होते. पंपांच्या जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देण्यात त्यांची हयात गेली. भंगारातून एक जुनी विजेवरची गाडी आणून त्यांनी ती जिवंत केली होती. तीन चाकं, एक दार, आत दोनच जागा, त्याही एकामागे एक. आम्ही तिला डबी म्हणायचो. हॉर्न जळलेला, इंजिनाचा आवाज नाही. म्हणून घराच्या फाटकाशी आले की काका खिडकीतून डोकं काढून ओरडायचे, "आलो गं!"

काकू लगबगीने फाटक उघडायची.

काकू हॉस्पिटलमध्ये होती. त्या संध्याकाळी तिला घरी सोडणार होते. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. ती घरी येणार म्हणून मी सकाळपासून खुशीत होतो.

"मला डबीतूनच ने हं," तिने बजावलं होतं. "दुसरी गाडी आणलीस तर बसणार नाही."

शेडमधून डबी काढताना मी मागच्या सीटवर थाप मारली.

"चला काका, तुमच्या बायकोला घेऊन येऊ."

गंमत हो. दुसरं काय?

सपाटीवर डबी छान पळाली. मग हॉस्पिटलचा चढ लागला...

आणि डबी दमायला लागली.

एकटा असलो की ती हा चढ आरामात चढते. दोघं बसलो की रडते. आता ती रडत होती. बॅटरीचा काटा भराभर खाली येत होता.

डबीत एरवी स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

मला दोन श्वास ऐकू येत होते...

समोर आरसा होता. त्यात बघायची हिंमत झाली नाही.

हॉस्पिटलच्या फाटकाशी थांबलो. माझं तोंड बंद होतं, शपथेवर सांगतो.

मानेमागून आवाज आला...

"आलो गं!"

डबी एकदम हलकी झाली. कुणी उतरल्यावर होते तशी किंचित वर उचलली गेली.

दार उघडलंच नव्हतं.

मी धावत वर गेलो. वॉर्डच्या दारात नर्स उभी होती. तिने मला दारातच थांबवलं.

"आत्ता तर छान बसल्या होत्या हो," ती म्हणाली. "केस विंचरत होत्या. एकदम म्हणाल्या, 'अगंबाई, आले वाटतं! फाटक उघडते.' उठल्या, आणि..."

कंगवा अजून काकूच्या मुठीत होता.

डॉक्टर हृदयाचं काहीतरी सांगत होते. माझं लक्षच नव्हतं. तिला आणायला म्हणून निघालो, आणि काकांना तिच्यापर्यंत पोचवून आलो. हे ओझं आता जन्मभर उतरायचं नाही.

डबी शेडमध्ये पडून आहे. बॅटरी मी काढून टाकली. विकावी म्हटलं, तर घेणाऱ्याला काय सांगू?

काकांची ती सवय मलाही लागली होती. घरी आलो की दारातूनच "आलो गं". त्या दिवसापासून सोडली. मुकाट्याने बेल वाजवतो.

परवाही वाजवली. बायको हात पुसत आली, वैतागलेली.

"उघडतच होते की! आत्ता 'आलो गं' म्हणालात ना? मग परत बेल कशाला?"